विश्लेषण : अनुभव नसताना हजारो किलोमीटरची रानवाट… परदेशातील लांब ट्रेकचे धाडस नवख्यांनी करावे का?

पाठीवर सॅक, हातात काठ्या आणि पुढचे चार-पाच महिने फक्त चालायचे. अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल किंवा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरची छायाचित्रे आणि चित्रफिती पाहून जगभरातील अनेकांना हे स्वप्न पडते. त्यातील कित्येकांनी आयुष्यात एकही रात्र तंबूत काढलेली नसते. तरीही दरवर्षी असे नवखे लोक या वाटांवर उतरतात, त्यातले काही शेवटपर्यंत पोहोचतात, बहुतेक मध्येच घरी परततात आणि काही थोड्यांच्या जिवावर बेतते. भारतातून, विशेषतः सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी भटकणाऱ्या मराठी तरुणांमधूनही या वाटांची चौकशी होऊ लागली आहे. अशा वेळी अनुभव नसणे हाच दोष मानायचा, की खरा धोका दुसरीकडे आहे, हे नीट समजून घ्यायला हवे.

या वाटा नेमक्या कोणत्या?

अमेरिकेतील तीन वाटा सर्वाधिक प्रसिद्ध आहेत. पूर्वेकडील ॲपलाचियन ट्रेल जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली. पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सीमेवरील कॅम्पोपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटरची आहे. या दोन्हींच्या मधल्या पर्वतरांगांतून जाणारी कॉन्टिनेन्टल डिव्हाइड ट्रेल सुमारे ५,००० किलोमीटरची आणि तिघींत सर्वात अवघड मानली जाते. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या डिसेंबरात खुली झालेली ते आरारोआ ही वाट उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर जाते. स्वीडनची कुंग्सलेडेन त्या मानाने लहान, सुमारे ४४० किलोमीटरची आहे.

या वाटा एकाच मापाने मोजता येत नाहीत. ॲपलाचियन ट्रेलवर झाडांवर आणि दगडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, सरासरी एक दिवसाच्या चालीच्या आत निवाऱ्याची शेड मिळते आणि तीन ते सात दिवसांत एखादे गाव गाठता येते. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या प्रदेशात सुरू होते आणि साधारण ११०० किलोमीटरनंतर सिएरा नेवाडाच्या उंच, बर्फाळ पर्वतांत शिरते. तिचा सर्वात उंच बिंदू, फॉरेस्टर खिंड, ४,००० मीटरच्याही वर आहे. ते आरारोआवर प्रश्न बर्फापेक्षा नद्यांचा असतो. त्यामुळे ‘परदेशातील लांब ट्रेक’ असा एकच प्रकार धरून तयारी करणे ही नवख्याची पहिली चूक ठरते.

नवख्यांना या वाटांची ओढ कशामुळे?

या वाटांची लोकप्रियता नवख्यांच्याच गोष्टींवर उभी आहे. शेरिल स्ट्रेड या १९९५ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर गेल्या, तेव्हा त्यांना लांब पल्ल्याच्या भटकंतीचा काहीच अनुभव नव्हता. सॅक इतकी जड की ती पाठीवर घेऊन उभे राहणे मुश्कील, आणि बूट पायाला लहान. त्यांचे ‘वाइल्ड’ हे पुस्तक २०१२ मध्ये आले, २०१४ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि या वाटेकडे जगाचे लक्ष गेले. बिल ब्रायसन यांच्या १९९८ च्या ‘अ वॉक इन द वुड्स’ने ॲपलाचियन ट्रेलसाठी हेच काम केले. त्यातील दोन्ही मध्यमवयीन मित्र ट्रेकर म्हणावेत असे मुळीच नव्हते.

त्याही आधीची गोष्ट एमा गेटवूड यांची. ओहायो राज्यातील शेतकरी कुटुंबातील, ११ मुलांची आई असलेली ही बाई १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी एकटीने ॲपलाचियन ट्रेल चालली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसापासून बचावाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा एवढाच तिचा सरंजाम होता. ‘आजीबाईंना जमले, मग आपल्याला का नाही?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

मात्र या गोष्टींचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. स्ट्रेड गेल्या त्या वर्षी सिएरा नेवाडात प्रचंड बर्फ होते. तो टप्पा त्यांनी गाळला आणि वाहनाने पुढे जाऊन चालायला पुन्हा सुरुवात केली. त्या एकूण सुमारे १,१०० मैल, म्हणजे पावणेदोन हजार किलोमीटरच्या आसपास चालल्या. ब्रायसन यांनी अख्खी वाट पूर्ण केलीच नाही, ते सुमारे ४० टक्के चालले. आणि गेटवूड आजींचा १९५५ हा पहिला प्रयत्न नव्हता. १९५४ मध्ये त्या मेनमधून निघाल्या होत्या, काही दिवसांतच वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि जंगल खात्याच्या माणसांनी घरी जायला सांगितल्यावर त्या खरोखरच घरी गेल्या. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या टोकाकडून आल्या आणि पोहोचल्या. म्हणजे ज्या नवख्यांची उदाहरणे दिली जातात, त्या तिघांनीही योग्य वेळी माघार घेतली होती किंवा वाटेत बदल केला होता. त्यांच्या कहाण्यांतून शिकायचे ते हे.

बहुतेक जण मध्येच का थांबतात?

ॲपलाचियन ट्रेल एका दमात पूर्ण करायला निघालेल्यांपैकी साधारण चारात एकच शेवटपर्यंत पोहोचतो, असे या वाटेची देखरेख करणारी संस्था सांगते. एकूण चढ समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट १६ वेळा चढण्याइतका भरतो आणि त्याला पाच ते सात महिने लागतात. तरी बहुतेकांना थांबवतात त्या गोष्टी फारशा नाट्यमय नसतात. गुडघा किंवा घोटा दुखावतो, नडगीच्या हाडाला ताणामुळे सूक्ष्म भेग पडते, पैसे संपतात, घरी कुणी आजारी पडते, किंवा सलग दहा दिवसांच्या पावसात मन विटते.

नवख्याचे शरीर पहिल्या पंधरवड्यात सर्वाधिक दुखावते. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी २५ किलोमीटर चालले जाते. हृदय-फुप्फुसे लवकर सरावतात, स्नायूही काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडे यांना त्याहून बराच अधिक वेळ लागतो. त्यातच सॅकचे ओझे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड सॅक घेऊ नये, असा ढोबळ नियम आहे. ७० किलोच्या माणसाला तो १४ किलोवर आणून ठेवतो. दिवसाला पाऊण-एक किलो शिधा आणि प्रत्येक लिटरमागे एक किलो पाणी धरले, तर पाच दिवसांचे अन्न आणि तीन लिटर पाणी यांतच सात-आठ किलो जातात. उरलेल्या सहा-सात किलोंत तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे आणि स्टोव्ह बसवायचे असतात. नवख्याच्या सॅकमध्ये मात्र ‘लागले तर असावे’ म्हणून घेतलेल्या वस्तूच जास्त असतात.

जॉर्जियात सुरुवातीपासून सुमारे ५० किलोमीटरवर नील गॅप ही खिंड आहे. तिथल्या दुकानात अनुभवी विक्रेते नवख्यांची सॅक जमिनीवर रिकामी करून नको ते सामान वेगळे काढून देतात आणि लोक ते टपालाने घरी पाठवतात. दुकानाबाहेरच्या झाडावर सोडून दिलेल्या बुटांच्या जोड्या लटकत असत. अनेकांची मोहीम इथेच संपते. यात लाजिरवाणे काही नाही. चूक करून, ती सुधारून किंवा सुखरूप घरी जाता येईल अशी सोय इथे आहे आणि नवख्याला नेमकी तीच हवी असते.

मग जीव कशामुळे धोक्यात येतो?

अस्वल आणि साप यांची भीती सर्वाधिक बोलून दाखवली जाते. ती अगदीच निराधार नाही. सिएरा नेवाडाच्या अनेक भागांत अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात ठेवणे सक्तीचे आहे. पण नवख्याला गाफील गाठतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच आहेत : नदी, थंडी आणि चुकलेली वाट.

२०१७ च्या उन्हाळ्यात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर सिएरा नेवाडात दोन तरुणी वेगवेगळ्या घटनांत बुडून मरण पावल्या. एक चीनहून आली होती, दुसरी जपानहून. त्या हिवाळ्यात बर्फ खूप पडले होते आणि ते वितळू लागल्यावर एरवी सहज ओलांडता येणारे ओढे फोफावले होते. बर्फाच्या पाण्याची नदी सकाळी लवकर सर्वात कमी आणि दुपारनंतर सर्वात जास्त वाहते. त्यामुळे संध्याकाळी भयंकर वाटणारा ओढा रात्रभर थांबल्यास पहाटे ओलांडता येण्याची शक्यता असते. सॅकचा कमरपट्टा आधी सोडणे, खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेले ओंडके नाहीत ना हे पाहणे आणि एकट्याने पाण्यात न उतरणे हे प्राथमिक नियम आहेत. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बुडून मरण्यालाच ‘न्यूझीलंडी मृत्यू’ म्हणत, इतके ते नित्याचे होते. शंका असेल तर पाण्यात उतरू नका, हा तिथल्या गिरिसुरक्षा यंत्रणेचा आजचाही मुख्य संदेश आहे.

अलास्कात १९९२ मध्ये मरण पावलेल्या ख्रिस मॅककँडलेसची गोष्ट ‘इनटू द वाइल्ड’मुळे जगभर पोहोचली. एप्रिलमध्ये त्याने टेक्लानिका नदी सहज ओलांडली. जुलैत परत निघाला तेव्हा ती दुथडी भरून वाहत होती. थोड्याच अंतरावर तारेवरून पलीकडे जाण्याची सोय होती, पण त्याच्याजवळ त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. तो ज्या जुन्या बसमध्ये राहिला, तिच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी दोन जणींचा पुढे याच नदीने बळी घेतला. वारंवार सुटका मोहिमा काढाव्या लागल्याने अखेर २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून हलवण्यात आली.

थंडीचे गणित आपल्याकडच्या ट्रेकरला सर्वाधिक फसवते. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सियसखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी शून्याखालची थंडी लागत नाही. पाच-सात अंश तापमान, अंगात ओले सुती कपडे आणि जोराचा वारा एवढे पुरते. त्यात आधी विचारशक्ती मंदावते, त्यामुळे आपण संकटात आहोत हेच त्या माणसाला कळत नाही.

वाट चुकण्याचे उदाहरण २०१३ मधील आहे. ॲपलाचियन ट्रेलवर शेकडो किलोमीटर चालून आलेली ६६ वर्षांची एक महिला मेन राज्यातील दाट जंगलात नैसर्गिक विधीसाठी वाटेवरून थोडी बाजूला गेली आणि तिला वाट पुन्हा सापडली नाही. फोनला रेंज नव्हती. ती जवळपास चार आठवडे तग धरून होती, हे तिच्या वहीतील नोंदींवरून कळले. शोधपथके तिच्या तळाजवळून जाऊनही तिला पाहू शकली नव्हती. मृतदेह दोन वर्षांनी सापडला. चालण्याचा अनुभव आणि वाट शोधण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

सह्याद्रीतला अनुभव पुरेसा आहे का?

काही बाबतीत तो नक्कीच उपयोगी पडतो. घसरडा कातळ, तीव्र उतार, उन्हातली पायपीट, पाण्याचा काटकसरीने वापर आणि रात्रीची चाल यांची सवय सह्याद्रीतल्या ट्रेकरला असते. राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेलेल्याला पायांवर विश्वास असतो आणि तो कमी महत्त्वाचा नाही.

पण सह्याद्रीतला ट्रेक बहुधा एक-दोन दिवसांचा असतो. सोबत ग्रुप असतो, पुढे वाट माहीत असलेला लीडर असतो आणि पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी मिळते. निर्णय घेण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही. पावसाळ्यात भिजणे ही तर मजा असते, कारण वीस-बावीस अंशांत भिजून माणूस गारठतो, पण सहसा मरत नाही. हीच सवय उत्तरेकडच्या अक्षांशांवर अंगाशी येते.

उंचीच्या आकड्यांनीही फसगत होते. न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन हे शिखर ॲपलाचियन ट्रेलवरच आहे आणि त्याची उंची १,९१७ मीटर आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. पण तिथे १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली आहे, भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो आणि त्या डोंगररांगेत आजवर दीडशेहून अधिक लोकांचे जीव गेले आहेत. शेवटचे कटाडिन शिखर तर कळसूबाईपेक्षाही थोडे बुटके आहे. कळसूबाई दहा वेळा चढलेल्या माणसाला हे आकडे पाहून हायसे वाटेल. ते तसे वाटणे हाच धोका आहे.

हिमालयात सशुल्क ट्रेक करून आलेल्यांचाही असाच गैरसमज होतो. तिथे तंबू दुसरे कुणी लावते, स्वयंपाक दुसरे कुणी करते, सामान खेचरावर असते आणि पुढे जायचे की थांबायचे हे वाटाड्या ठरवतो. उंचीची ओळख होते, पण निर्णयाचा सराव होत नाही.

नर्मदा परिक्रमेशी तुलना करता येईल का?

मराठी माणसाला हजारो किलोमीटर पायी चालणे अपरिचित नाही. अडीच-तीन हजार किलोमीटरची नर्मदा परिक्रमा दरवर्षी अनेक मराठी लोक करतात, त्यात साठी ओलांडलेले आणि एरवी कधीही ट्रेक न केलेलेही असतात. लांबीच्या दृष्टीने ती ॲपलाचियन ट्रेलच्या पंगतीत बसते. त्यामुळे ‘नवखा माणूस इतके चालूच शकत नाही’ हे म्हणणे खोटे ठरते. पाय चालतात, मनही टिकते.

फरक आहे तो वाटेवरच्या माणसांचा. परिक्रमावासीयाला आश्रमात जागा मिळते, सदावर्तात शिधा मिळतो, आजारी पडल्यास गाव सांभाळते. समुद्राजवळची नावेतली फेरी सोडली तर नर्मदेचे पात्र ओलांडायचेच नाही, असा नियम आहे. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर मात्र ओढे ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि काही टप्प्यांत आठवडाभर गावही लागत नाही. वाटसरूंना खाऊ-पिऊ घालणारे, गाडीतून गावात सोडणारे स्वयंसेवक अमेरिकेतही भेटतात. पण त्यांच्या भरवशावर मोहीम आखता येत नाही. माणसे जितकी विरळ, तितके नवख्याने स्वतः जाणून असणे आवश्यक, असे सरळ प्रमाण आहे.

फोन आणि उपग्रह यंत्रणेवर किती विसंबायचे?

आज वाटेवरचे पाणी, तंबूच्या जागा आणि दुकाने दाखवणारी ॲप फोनवर मिळतात आणि नवख्यांची संख्या वाढण्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यामुळे जीवही वाचले आहेत. तरी फोन पाण्यात पडतो, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि पडद्यावरची रेघ समोरच्या बर्फाखालचा ओढा दाखवत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ असून भागत नाही, त्यांचा वापर घराजवळच्या डोंगरावर आधी करून पाहिलेला असावा लागतो.

रेंजबाहेर संदेश पाठवणारे उपग्रह उपकरण एकट्या माणसाने घ्यावेच. मात्र त्याचे बटण दाबल्यावर मदत काही तासांनी, खराब हवामानात कदाचित दुसऱ्या दिवशी येते. तोवर जगण्याची जबाबदारी स्वतःचीच. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणे संकटात सापडलेल्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची कायदेशीर तरतूदही आहे. भारतीय प्रवाशांसाठी आणखी एक खबरदारी : अशी उपग्रह उपकरणे परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि ती सामानात आढळल्याने परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशात वापरायचे उपकरण तिथेच भाड्याने घेणे किंवा परत येण्यापूर्वी तिथेच ठेवणे शहाणपणाचे.

परवाने आणि व्हिसा यांचे काय?

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर ५०० मैलांहून लांब प्रवासासाठी विशेष परवाना लागतो. मेक्सिकोच्या सीमेवरून वसंत ऋतूत दिवसाला जास्तीत जास्त ५० जणांनाच निघता येते. ॲपलाचियन ट्रेलला सरसकट परवाना नाही, पण ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या काही भागांत तो लागतो. कटाडिन भोवतालच्या उद्यानात ऑक्टोबरच्या मध्यानंतर मुक्काम करता येत नाही. त्यामुळे मागे पडलेले लोक घाई करतात, आणि घाईत अपघात होतात.

भारतीय पासपोर्टधारकांसाठी खरी अडचण वेळेची आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिनेच राहता येते आणि तो कालावधी विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पाच ते सात महिन्यांच्या वाटेसाठी हे गणित अगदी काठावरचे आहे. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरून थेट कॅनडात पायी शिरण्याची जुनी सवलत २०२५ मध्ये कॅनडाने बंद केली. त्यामुळे सीमेवरच्या खांबाला हात लावून मागे वळावे लागते किंवा अधिकृत नाक्यावरून, कॅनडाचा व्हिसा घेऊन जावे लागते. दवाखान्याचा खर्च लक्षात घेता दुर्गम भागातील पदभ्रमण आणि हेलिकॉप्टर वाहतूक यांचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा नसेल, तर जाऊच नये.

मग नवख्याने सुरुवात कुठून करावी?

इथे ‘आधी अनुभव घ्या, मग जा’ असा सल्ला पुरेसा नाही. तो बरोबर असला तरी कोणता अनुभव, हे तो सांगत नाही. परत फिरणे जिथे सोपे आहे, तिथून सुरुवात करावी, हा निकष जास्त उपयोगी आहे. स्कॉटलंडची १५४ किलोमीटरची वेस्ट हायलँड वे, आल्प्समध्ये तीन देशांतून फिरणारी सुमारे १७० किलोमीटरची टूर द्यू माँ ब्लाँ किंवा स्पेनची कामिनो द सांतियागो या वाटांवर गावे, निवारे आणि बससेवा आहेत. आपण चुकलो तर एका रात्रीची गैरसोय होते, जीव जात नाही. कुंग्सलेडेनच्या उत्तर भागात ओळीने झोपड्या आहेत आणि तरीही उत्तर ध्रुववृत्तापलीकडचा एकांत अनुभवता येतो.

त्याआधीचा अभ्यास घरीही होतो. सह्याद्रीत लीडरशिवाय, दोघा-तिघांनी, स्वतःचा शिधा आणि तंबू पाठीवर घेऊन सलग चार-पाच दिवस चालावे. पावसात तंबू लावून रात्र काढावी. ॲप बंद ठेवून नकाशावर वाट शोधावी. बर्फावर चालायचे असेल तर उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम उपलब्ध आहे. घसरल्यावर बर्फाच्या कुऱ्हाडीने स्वतःला थांबवणे चित्रफीत पाहून येत नाही, ते शरीराला शिकवावे लागते.

नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींना आणखी सोपा मार्ग आहे. न्यू जर्सीतून ॲपलाचियन ट्रेलचा शंभरेक किलोमीटरहून थोडा जास्त टप्पा जातो. वाटेची देखरेख करणारी संस्था एका दमात चालणारे आणि वर्षानुवर्षे सुट्टीत तुकड्यातुकड्याने चालणारे यांत भेद करत नाही, दोघांनाही तेच प्रमाणपत्र देते. शनिवार-रविवारी घराजवळचा टप्पा, पुढच्या वर्षी शेजारच्या राज्यातला, असे चालणाऱ्याला प्रत्येक वेळी आपली चूक सुधारायला मधला काळ मिळतो.

परत फिरणे म्हणजे अपयश का?

नवख्याच्या बाबतीत खरा प्रश्न इथे येतो. नोकरी सोडलेली असते, बचत खर्च झालेली असते, समाजमाध्यमांवर रोजची प्रगती टाकलेली असते, गावाकडे सत्काराची भाषा सुरू झालेली असते. मग फुगलेल्या ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात पाण्याचा वेग कमी आणि ‘लोक काय म्हणतील’ हेच जास्त असते. अनुभवी माणसालाही हा दबाव असतो, पण त्याने आधी कधी तरी माघार घेतलेली असते आणि त्यानंतरही आयुष्य चालू राहते हे त्याला ठाऊक असते. नवख्याला ते ठाऊक नसते.

म्हणून निघण्यापूर्वीच काही गोष्टी लिहून काढून घरच्यांकडे ठेवाव्यात. पाणी मांडीच्या वर असेल तर थांबायचे, सलग दोन दिवस बर्फवृष्टीचा अंदाज असेल तर खाली उतरायचे, अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर तो टप्पा सोडून द्यायचा, आणि इतक्या तासांत संदेश आला नाही तर घरच्यांनी अमुक क्रमांकावर कळवायचे. निर्णय आधीच घेतलेला असला की तो थकलेल्या, गारठलेल्या मेंदूवर सोपवावा लागत नाही. टप्पा गाळणे, उलट दिशेने चालणे, पुढच्या वर्षी येणे, हे सगळे पर्याय खुले आहेत आणि ते सन्मानाचे आहेत. कौतुक करणाऱ्यांनीही ‘पूर्ण केले का?’ याऐवजी ‘कुठे थांबलास आणि का?’ असे विचारायला शिकले पाहिजे. त्या उत्तरातून पुढच्या नवख्याला जास्त कळेल.

नवख्यांनी या वाटांवर जाऊच नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण प्रत्येक जाणकार कधी तरी नवखाच होता. पण आपण नवखे आहोत हे वाटेवर पाऊल ठेवण्याआधी मान्य करणे ही किमान अट आहे. १९५४ मध्ये फुटका चष्मा घेऊन ओहायोला परतलेल्या एमा गेटवूड यांनी ती पाळली. म्हणूनच १९५५ च्या २५ सप्टेंबरला कटाडिनच्या माथ्यावर पोहोचायला त्या जिवंत होत्या.